तिसरीतलं फ्रेंच आणि आईचं गप्प बसणं

दर मंगळवारी संध्याकाळी आमच्या वस्तीतल्या समाजमंदिरात बचत गटाची बैठक असते. हप्ते गोळा होतात, वहीत नोंदी होतात आणि मग सुरू होतात त्या गप्पा, ज्यांच्यासाठी खरं तर बाया येतात. शाळा सुरू होऊन पंधराएक दिवस झाले असतील. गटातली एक बाई हप्ता भरून झाल्यावरही बसून राहिली. चार घरची धुणीभांडी करणारी, एरवी सगळ्यांत आधी निघणारी. इतर बाया पांगल्यावर तिनं पिशवीतून चार घड्या घातलेला एक कागद काढला. तिची मुलगी शिक्षण हक्क कायद्याच्या पंचवीस टक्के जागांमधून एका खासगी इंग्रजी शाळेत शिकते. यंदा तिसरीत गेली. कागद त्या शाळेचा होता.

"ताई, हे फ्रेंच म्हणजे कुठं बोलत्यात?"

मी कागद वाचला. तिसरीपासून आठवड्यातून दोन तास फ्रेंच सुरू होत आहे. पुस्तकाचे आणि 'उपक्रमांचे' पैसे वेगळे. पालकांनी रोज पंधरा मिनिटं घरी सराव करून घ्यावा. आणि शेवटी, इतक्या सहजपणे की माझी नजर आधी त्यावरून घसरलीच, असं वाक्य: नव्या भाषा पक्क्या व्हाव्यात म्हणून घरी मुलांशी स्थानिक भाषेत बोलणं शक्यतो टाळावं.

तिला हे शेवटचं वाक्य ठाऊक होतं. शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलानं वाचून दाखवलं होतं. "मग मी आता ती अभ्यासाला बसली की गप बसते," ती म्हणाली. "आजीला पण सांगितलंय, तिच्याशी आपलं बोलू नको म्हणून."

'आपलं' म्हणजे वडारी. हे कुटुंब मूळ सोलापूरकडचं. घरात आजी नातीशी वडारी बोलते, जी तेलुगूची थोरली-धाकटी बहीण म्हणावी अशी भाषा. गल्लीत मराठी, टीव्हीवर हिंदी, शाळेत इंग्रजी. शाळेच्या अर्जात मातृभाषेच्या रकान्यात त्यांनी 'मराठी' लिहिलं होतं, कारण वडारी लिहायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणजे आठ वर्षांची ही पोर आजच तीन भाषा बोलते, चौथी शिकते आहे, आणि तिच्या आईला वाटतं की आपल्या तोंडून निघणारी भाषा पोरीला बाधेल.

फ्रेंचबद्दल लिहायचं ठरवलं ते या गप्प बसण्यामुळे.

माझी पहिली प्रतिक्रिया तुमचीही झाली असेल तीच होती. हे काय खूळ! माझ्या शाळेत इंग्रजी पाचवीपासून होतं. मी पाचवीत गेले त्याच वर्षी, म्हणजे २००० साली, महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं, तेव्हा आमच्या वर्गाला आणि आमच्या धाकट्या भावंडांना ए-बी-सी-डी एकाच वर्षी गिरवावी लागली होती. फ्रेंच म्हणजे अकरावी-बारावीत मार्क पाडायला घ्यायचा विषय, एवढंच मला माहीत. तिसरीतल्या पोरांना कशाला? सरकारच्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही फ्रेंच, जर्मन, जपानी या परकीय भाषा माध्यमिक टप्प्यावर द्याव्यात असं म्हटलं आहे. प्राथमिक शाळेतलं फ्रेंच ही खासगी शाळांनी आपल्या हौसेनं किंवा एकमेकींच्या चढाओढीनं काढलेली गोष्ट. माहितीपत्रकात घोडेस्वारीच्या शेजारी छापायची.

पण मी हे माझ्या एका मैत्रिणीला तावातावानं सांगितलं आणि ती माझ्याकडे बघतच राहिली. ती पुण्यातल्या तीन शाळांमध्ये लहान मुलांना फ्रेंच शिकवते. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंच शिकली, पुढे परीक्षा देत गेली. तासिका तत्त्वावर काम, म्हणजे जितके तास तितके पैसे, मे महिन्यात शून्य. तिच्यासारखं काम करणाऱ्या ज्या शिक्षिका मला तिच्यामार्फत भेटल्या त्या सगळ्या बायकाच, आणि जवळजवळ सगळ्यांना घरून ऐकावं लागतं की बरं आहे, दुपारपर्यंत मोकळी होतेस. तिचं म्हणणं असं, की लहान मुलांना फ्रेंच शिकवण्यात चूक काहीच नाही. चूक कशात आहे हे तुला पाहायचं असेल तर आधी कॅनडातल्या सेंट लॅम्बर्टच्या बायकांबद्दल वाच. वाचलं. आणि माझं मत बदललं, म्हणजे उलटलं असं नव्हे, पण जिथे बोट ठेवलं होतं तिथून सरकलं.

सेंट लॅम्बर्ट हे माँट्रियाल शहराच्या समोर, सेंट लॉरेन्स नदीच्या दक्षिण काठावरचं उपनगर. क्युबेक प्रांतात बहुसंख्य लोक फ्रेंच बोलणारे. पण १९६० च्या आसपास माँट्रियालमधल्या मोठ्या कंपन्यांच्या, बँकांच्या वरच्या खुर्च्यांवर इंग्रजी बोलणारे बसत. शाळा धर्मानुसार वाटलेल्या होत्या, कॅथलिक आणि प्रोटेस्टंट, आणि व्यवहारात त्याचा अर्थ बराचसा फ्रेंच आणि इंग्रजी असाच होई. एकाच रस्त्यावरची मुलं सकाळी दोन दिशांना जात. इंग्रजी शाळांत फ्रेंच हा विषय वर्षानुवर्षं होता. तरी मुलं व्याकरणाचे तक्ते पाठ करून बाहेर पडत आणि शेजारणीशी दोन वाक्यं बोलता येत नसत. त्याच सुमारास फ्रेंच समाज आपल्या हक्कांसाठी उठला, आणि इंग्रजी घरांतल्या काही आयांच्या लक्षात आलं की आपली मुलं ज्या गावात राहणार त्या गावाची भाषा त्यांना येत नाही.

ऑल्गा मेलिकॉफ, म्युरिएल पार्क्स आणि व्हॅलेरी नील या तिघीजणी पुढे झाल्या. १९६३ पासून त्यांनी पालकांच्या बैठका घेतल्या, शाळामंडळाकडे अर्ज नेले. मंडळानं आधी दाद दिली नाही. तेव्हा त्यांनी शाळा सुटल्यावरचे फ्रेंचचे वर्ग स्वतःच भरवले, मॅकगिल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ वॉलेस लॅम्बर्ट आणि मेंदूचे प्रख्यात शल्यचिकित्सक वाइल्डर पेनफील्ड यांना गाठलं, वर्तमानपत्रांत लिहिलं, पुन्हा अर्ज केला. अखेर सप्टेंबर १९६५ मध्ये २६ मुलांचा बालवर्ग सुरू झाला. नावनोंदणी काही मिनिटांत भरली होती. वर्गात बाई फ्रेंचच बोलत. मुलं सुरुवातीला आपसात आणि बाईंशीही इंग्रजीत बोलत, बाई उत्तर फ्रेंचमध्ये देत. वाचायला शिकली तीही आधी फ्रेंच. इंग्रजीचा तास दुसरीपासून, आणि मग वर्षागणिक तो वाढत गेला.

लॅम्बर्ट आणि त्यांचे सहकारी रिचर्ड टकर यांनी या मुलांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं आणि १९७२ साली त्याचं पुस्तक प्रसिद्ध झालं. मुलांचं इंग्रजी वाचन सुरुवातीला मागे पडलं, पण इंग्रजीचे तास सुरू झाल्यावर ते लवकरच भरून निघालं. गणितात ती मागे राहिली नाहीत. फ्रेंच समजण्यात ती फ्रेंच मुलांच्या जवळ पोचली, बोलण्या-लिहिण्यात मात्र तितकी नाही. पुढे ही पद्धत कॅनडाभर पसरली आणि आज तिथे लाखो मुलं अशा वर्गांत शिकतात.

मला या हकिकतीतलं सगळ्यात आवडलं ते हे, की कुण्या खात्यानं वरून आदेश काढून हे सुरू झालं नाही. घर सांभाळणाऱ्या बायकांनी दोन वर्षं दारं ठोठावली. पण मैत्रिणींनो, त्या कोण होत्या हेही विसरून चालणार नाही. त्या इंग्रजी बोलणाऱ्या होत्या. त्यांच्या मुलांची स्वतःची भाषा कुठेही जाणार नव्हती. घरी इंग्रजी, दुकानात इंग्रजी, टीव्हीवर इंग्रजी, पुढे नोकरीत इंग्रजी. आणि कुणीही त्या आयांना 'घरी इंग्रजी बोलू नका' अशी चिठ्ठी पाठवली नाही.

गावाकडे मुलाला पोहायला शिकवताना पाठीला वाळका भोपळा बांधून विहिरीत सोडतात. सेंट लॅम्बर्टच्या प्रत्येक मुलाच्या पाठीला असा भोपळा होता. आमच्या वस्तीतल्या मुलीच्या पाठीचा भोपळा सोडून घ्यायचा आणि मग म्हणायचं, बघा, ती सव्वीस मुलं कशी छान पोहली!

हे माझंच म्हणणं आहे असं नाही. लॅम्बर्ट यांनीच पुढे हा फरक मांडला. एक भाषा असते तिच्यात दुसरीची भर पडते, ती बेरजेची द्विभाषिकता. दुसरी येते ती पहिलीला ढकलून, ती वजाबाकीची. बलवान भाषेच्या मुलांना बेरीज मिळते. दुबळ्या मानलेल्या भाषेच्या मुलांच्या वाट्याला, काळजी घेतली नाही तर, वजाबाकी येते. याचा पुरावा सेंट लॅम्बर्टपासून लांब नाही. नदीच्या त्याच काठावर कानावाके ही मोहॉक लोकांची वसाहत आहे. कॅनडातल्या मूलनिवासी मुलांना अनेक पिढ्या निवासी शाळांत नेऊन त्यांच्या भाषा तोंडातून काढून टाकल्या गेल्या. २०१५ साली तिथल्या सत्यशोधन आयोगाच्या अहवालात हे सारं नोंदलं गेलं आहे. क्युबेकमध्ये १९७७ साली फ्रेंचच्या रक्षणाचा कायदा झाला. तेव्हा कानावाकेच्या लोकांनी, आता कुणाच्याच भाषेच्या कायद्यात आम्हाला कोंबू नका म्हणून १९७८ साली स्वतःची शाळा काढली. तिचं नावच 'सर्व्हायव्हल स्कूल', तगून राहण्याची शाळा. याच कायद्यामुळे बाहेरून येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांना, त्यात आपली मराठी माणसंही आली, मुलांना सरकारी शाळेत घालायचं तर बहुतेक वेळा फ्रेंच शाळेतच घालावं लागतं. फ्रेंच तिथे एकाच वेळी दबलेली आणि दाबणारीही आहे. भाषा मुळात चांगली किंवा वाईट नसतेच, तिला धरणारा हात बघावा लागतो.

आता दुसरा मुद्दा, जो शाळेच्या प्रत्येक माहितीपत्रकात असतो: लहान वयात मुलं भाषा पटकन टिपतात. गल्लीत, खेळताना टिपतात हे कुणी नाकारणार नाही. आमच्या वस्तीतली पोरं बिहारी मिस्त्रीच्या मुलांकडून भोजपुरी शिव्या आठवड्यात शिकली. पण आठवड्याला दोन तास, चाळीस मुलं, समोर फळा, हे म्हणजे गल्ली नव्हे. इंग्लंडनं याचा मोठा प्रयोग करून पाहिला आहे. १९६४ पासून दहा वर्षं तिथल्या निवडक प्राथमिक शाळांत आठव्या वर्षी फ्रेंच सुरू केलं आणि हजारो मुलांची चाचणी घेतली. क्लेअर बर्स्टॉल या संशोधक बाईंनी १९७४ साली अहवाल दिला. आठव्या वर्षी सुरू करणारी मुलं सोळाव्या वर्षी फक्त ऐकून समजण्यात पुढे होती. बाकी बाबतीत अकराव्या वर्षी सुरू केलेल्यांनी त्यांना गाठलं होतं. मुलींचे गुण मुलांपेक्षा सातत्यानं चांगले आले. आणि जितका वडिलांचा हुद्दा वरचा तितके मुलांचे गुण वर, हेही त्यात दिसलं. अहवालावर टीकाही झाली, ती रास्त होती. प्राथमिक शाळेत तीन वर्षं फ्रेंच शिकून आलेल्या मुलांना माध्यमिक शाळेत नव्या मुलांशेजारी बसवून पुन्हा 'बाँझूर' पासून सुरुवात करवली, तर त्यांची आघाडी टिकणार कशी? पण त्यातून कळतं ते एवढंच की नुसतं वय लहान असून भागत नाही. कोण शिकवतं, किती वेळ, आणि पुढे त्याचं काय होतं, यावर सारं आहे. इंग्लंडमध्ये २०१४ पासून सात ते अकरा वयाच्या मुलांना एक परकीय भाषा सक्तीची झाली, आणि बहुतेक शाळांनी फ्रेंचच घेतलं.

इतकं वाचून झाल्यावर मी मैत्रिणीला म्हटलं, तू एकदा आमच्या मंगळवारला ये. त्या बाईला फ्रेंच म्हणजे काय ते तरी कळू दे. आली बिचारी, मुलांच्या वर्गात नेते तीच चित्रांची पिशवी घेऊन. आणि पुढचा तास मी आजन्म विसरणार नाही.

तिनं आधी 'तू' आणि 'व्हू' सांगितलं. फ्रेंचमध्ये जवळच्याला तू, आणि मोठ्याला किंवा परक्याला व्हू. बाया म्हणाल्या, मग यात शिकवण्यासारखं काय आहे, तू आणि तुम्ही! मैत्रीण हसली. तिच्या शाळांमध्ये हेच समजवायला तिला दोन तास लागतात, कारण वर्गात फक्त इंग्रजीतून शिकवायचा नियम आहे आणि इंग्रजीत दोघांनाही 'यू'च. मराठी घरातून आलेल्या मुलाच्या जिभेवर जे तयार आहे ते इंग्रजीच्या चिमट्यानं उचलून परत त्याला द्यायचं. कधी कधी ती दार लावून हळूच 'तू, तुम्ही' म्हणते आणि चाळीस चेहरे एकदम उजळतात. दार लावून, हे लक्षात घ्या.

मग आकडे. साठपर्यंत सरळ गेलं. सत्तरला फ्रेंचमध्ये स्वतंत्र शब्द नाही, ते म्हणतात 'स्वासाँत-दीस', साठ-दहा. ऐंशीला 'कात्र-व्हँ', म्हणजे चार वीस. नव्वद म्हणजे चार वीस दहा. शाळेतल्या मुलांना हे फार विचित्र वाटतं, असं मैत्रीण सांगत होती, तोच कोपऱ्यातून भाजी विकणाऱ्या आजी म्हणाल्या, "त्यात काय इचित्र? चार ईसा आन् धा."

आम्ही दोघी गप्पच झालो. आजी कधी शाळेत गेलेल्या नाहीत. त्यांचा सगळा हिशोब विसांवर चालतो. साठ म्हणजे तीन ईसा, ऐंशी म्हणजे चार ईसा. तुमच्या-माझ्या आज्या-पणज्याही असंच मोजत. आमच्या शाळेत कुणी 'दोन ईसा' म्हटलं की मास्तर वर्गाला हसवत. तेच पॅरिसहून आलं की त्याला पुस्तकात रंगीत चौकट मिळते. आजींनी 'कात्र-व्हँ' तीनदा म्हणून पाहिलं. व्हँ मधला नाकातला स्वर त्यांना पहिल्या फटक्यात आला. मैत्रीण म्हणाली, तिच्या सगळ्या वर्गांत इतका स्वच्छ कुणाला येत नाही.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी निघाली, ती या अंकाच्या वाचकांना सांगायलाच हवी. फ्रेंचमध्ये 'ते' ला 'इल' आणि 'त्या' ला 'एल'. शंभर बायका असल्या तर एल, पण त्यांत एक पुरुष येऊन उभा राहिला की सगळ्यांचं इल होतं. पुल्लिंग वरचढ ठरतं, असा नियमच फ्रान्सच्या प्राथमिक शाळांत पिढ्यान्‌पिढ्या घोकवला गेला. नोव्हेंबर २०१७ मध्ये तिथल्या ३१४ शिक्षक-शिक्षिकांनी जाहीर केलं की आम्ही हा नियम यापुढे शिकवणार नाही. लहान मुलीला वर्गात बसवून 'पुरुष वरचढ' असं म्हणायला लावणं हा नुसता व्याकरणाचा प्रश्न नाही, असं त्यांचं म्हणणं. सरकारनं अर्थातच हात वर केले. बायांना हे ऐकून मजा वाटली. मराठीत काय म्हणतो आपण? मुलगे आणि मुली मिळून 'ती मुलं आली'. नपुंसकलिंग! ना याचं ना तिचं. आपल्या भाषेनं पुरुषांची तळी कमी उचलली आहे असं मुळीच नाही, पण निदान या एका ठिकाणी तिनं शहाणपणा केला आहे. तिसरीतली मुलगी तिन्ही लिंगं चोख वापरते. तिला फ्रेंच शिकवताना या ज्ञानापासून सुरुवात केली तर फ्रेंचही सोपं जाईल आणि मराठीकडेही ती नव्यानं बघेल. पण त्यासाठी वर्गाचं दार उघडं ठेवून मराठी बोलता आली पाहिजे.

माझं मत आता असं आहे. फ्रेंच शिकवा. गाणी शिकवा, आकडे शिकवा, नाकातले स्वर शिकवा, पोरांना त्यात मौज वाटते आणि मौज ही काही क्षुल्लक गोष्ट नाही. वस्तीतल्या मुलीनं फ्रेंच का शिकू नये? ते कोथरूडच्या बंगल्यातल्या मुलांनाच शोभतं असं मी एके काळी मनातल्या मनात समजत होते, त्याची मला लाज वाटते. समाजकार्याची पदवी घेतली म्हणून मनातली उतरंड आपोआप मोडत नाही.

पण ज्या फ्रेंचसाठी आईला गप्प बसावं लागतं ते फ्रेंच नको. चौथीपर्यंत त्याला मार्क आणि गृहपाठ कशाला हवेत? रोजच्या पंधरा मिनिटांच्या सरावाचा अर्थ शाळेला कळतो का? बंगल्यातल्या घरी तो सराव कोण करून घेतं, तर तिथलीही आईच, नोकरीवरून आल्यावर, मोबाइलवर उच्चार ऐकत ऐकत. आमची बाई ज्या घरी भांडी घासते त्या घरच्या बाईंनी तिला परवा म्हणे सांगितलं, "माझ्याही डोक्याला ताप झालाय हो हा." दोघींच्या मुली एकाच इयत्तेत, दोघींना एकाच फ्रेंचनं छळलेलं, आणि दोघींच्या मध्ये खरकट्या भांड्यांची मोरी. ज्यांना जमत नाही त्या शिकवणी लावतात. आमच्या बाईनं चौकशी केली, तर महिन्याची फी तिच्या एका घरच्या पगाराएवढी निघाली. पंचवीस टक्क्यांतल्या मुलीची शालेय फी माफ असते, पण 'उपक्रमा'चा खर्च अशा चोरपावलांनी येतो.

२०२५ साली एप्रिलमध्ये सरकारनं पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा म्हणून आणली, तेव्हा केवढा गदारोळ झाला हे आपण पाहिलं. लहान मुलांवर भाषांचं ओझं नको, असं लेखक, शिक्षक, पालक सगळे म्हणाले, आणि २९ जूनला सरकारनं ते आदेश मागे घेतले. चांगलं झालं. मीही त्या सभांना होते. पण त्याच सभेत माझ्या शेजारी बसलेल्या एका बाईंचा नातू पहिलीत फ्रेंच शिकतो आणि त्याचं त्यांना कौतुक होतं. ओझं कोणतं आणि दागिना कोणता हे आपण भाषेच्या भावावरून ठरवतो. मला त्यात हिंदीचा किंवा फ्रेंचचा कैवार घ्यायचा नाही. मला दिसतं ते एवढंच की त्या सगळ्या वादात वडारी, कैकाडी, पारधी, गोरमाटी बोलणाऱ्या घरांतली मुलं कुठेच नव्हती. त्यांच्यासाठी शाळेतली मराठीसुद्धा दुसरीच भाषा असते.

सेंट लॅम्बर्टच्या आयांनी मुलांसाठी कुठली भाषा निवडली? नदीपलीकडच्या साम्राज्याची नाही. ती तर त्यांच्या घरातच होती. त्यांनी शेजारणीची निवडली. इतकं करूनही ती मुलं शाळेबाहेर फ्रेंच फारशी बोलत नाहीत, फ्रेंच मित्र थोडेच जोडतात, असं पुढच्या अभ्यासांत दिसून आलं, म्हणजे शेजार भाषेनं आपोआप साधत नाही हेही खरं. तरी मनात येतं, पुण्यातल्या एखाद्या शाळेनं तिसरीला आठवड्यातून एक तास वर्गातल्याच मुलांच्या घरच्या भाषांना दिला तर? एक दिवस वडारीतले आकडे, एक दिवस उर्दूतली, कानडीतली, भोजपुरीतली फळं-फुलं. शिकवायला बाहेरून कुणाला आणायला नको, आज्या आहेत. आणि त्याच ओळीत मग फ्रेंच येऊ दे. शिकवणाऱ्या बाईला बारा महिन्यांचा पगार देऊन येऊ दे.

आमची बाई आणि मी मधल्या काळात एकदा शाळेत जाऊन आलो. मुख्याध्यापिका सौजन्यानं बोलल्या. ते वाक्य 'सर्वसाधारण सूचना' आहे, कुणा एकीला उद्देशून नाही, असं त्यांनी सांगितलं. मी म्हटलं, कागद सगळ्यांना गेला असेल, पण गप्प कोण बसलं ते बघा. त्यांनी लेखी द्या म्हणून सांगितलं. लेखी दिलं आहे. पंचवीस टक्क्यांतल्या आणखी सहा मुलींच्या आया शोधून काढल्या, त्यांच्याही सह्या आहेत त्यावर, दोघींचे अंगठे.

येत्या शनिवारी पालकसभा आहे. सातजणी जाणार आहोत असं ठरलंय, कामाच्या घरी सुट्ट्या सांगून झाल्या. परवा बैठकीनंतर बाई विचारत होती, तिथं मराठीत बोलू का हिंदीत. मराठीतच बोला म्हटलं. मग म्हणाली, त्या फ्रेंचच्या बाई पण असतील का सभेला? असाव्यात, मी म्हटलं, का? तर आजींनी तिच्याकडून 'कात्र-व्हँ' पाठ करून घेतलंय, आणि तिला ते त्या बाईंना म्हणून दाखवायचंय.